चालतं घर रस्त्यात बंद पडलं तर आत बसायचं की बाहेर पडायचं?

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी बंद पडण्यावर इथे आधी बरेच धागे झालेत पण ते सगळे कार आणि बाईकवाल्यांचे, मोटरहोमचं गणित मला वेगळं वाटतं म्हणून नवीन धागा काढतोय. आमच्याकडे ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली कॅम्पर आहे. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, छतावर सोलर.

मागच्या महिन्यात मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूरच्या पुढे फॅन बेल्ट तुटला. संध्याकाळ, बारीक पाऊस, डावीकडे जेमतेम अर्धी गाडी मावेल एवढी साइडपट्टी. आई म्हणाली थांबलोच आहोत तर चहा टाकते, पोरं वरच्या पलंगावर पत्ते कुटत बसली, आणि मेकॅनिक येईपर्यंत आमचं सगळं बिऱ्हाड पडदे ओढून आत. मागून ट्रक गेला की गाडी हलायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मेव्हणा म्हणतो सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं. बायको म्हणते पावसात म्हाताऱ्या माणसाला दरीच्या कडेला उभं करणार होतास का.

कारमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर पडावंसंच वाटतं. इथे अंथरूण आहे, ओटा आहे, संडास आहे, उतरायला कारणच नाही! तर तुम्ही लोक काय करता? सोबत काय सामान ठेवता, आणि एवढं धूड टोचन करून न्यायची वेळ आली तर काय बघता? 'हॉटेलात राहा' असे सल्ले नकोत, ते घरी मिळतात.

निवांत_नाशिककर

चहात आलं होतं का ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

डिझेलदादा

मेव्हणा बरोबर आहे. पण आधी बेल्टचं बोलतो कारण तिथे लोक फसतात. माझी उमेदीची वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली. बेल्ट तुटला म्हणजे नुसतं इंजिन तापणार असं नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करतो तो) पाठीलाच ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. बेल्ट गेला की चार्जिंग गेलं, पाण्याचा पंप गेला, पॉवर स्टिअरिंग त्याच बेल्टावर असेल तर तेही जड झालं, आणि दोन-तीनदा ब्रेक मारला की बूस्टरमधला उरलासुरला व्हॅक्यूम संपतो. मग उभं राहून पाय दिला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून बॅटरीचा लाल दिवा आणि टेंपरेचर दोन्ही एकदम दिसले की पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, घाटात तर नाहीच नाही.

थांबल्यावर : हॅझर्ड चालू, हँडब्रेक, चढावर पहिला आणि उतारावर रिव्हर्स गिअर, चाकाला दगड, पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवलेली. मग माणसं खाली. मग मागे रस्त्यावर धोक्याचा चमकणारा त्रिकोण. बॉनेट सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी बॉनेटमध्ये डोकं घालतात आणि पाठ रस्त्याकडे.

सई_म्युनिक

+१ डिझेलदादा. इथे जर्मनीत आमच्याकडे पण कॅम्पर आहे, इकडे त्याला वोनमोबिल म्हणतात. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवर, बंद पडलात तर प्रश्नच नाही, सगळे उतरणार, तेही रस्त्याच्या उलट्या बाजूच्या दारातून, आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहणार. पाऊस असो, बर्फ असो. 2014 पासून गाडीत भडक रंगाचं सेफ्टी जॅकेट ठेवणं सक्तीचं आहे. सक्ती एकाच जॅकेटची पण आम्ही माणशी एक ठेवतो, आणि ते दाराच्या कप्प्यात, डिकीत नाही, कारण डिकीतून काढायला जाल तेवढ्यातच कोणीतरी येऊन धडकायचा. वेगवान रस्त्यावर त्रिकोण साधारण 100 मीटर मागे, ऑटोबानवर त्याहून लांब. तो छातीसमोर धरून कठड्याच्या पलीकडून चालत जायचं.

गंमत म्हणजे माझी बहीण इंग्लंडमध्ये आहे, तिकडे साध्या रस्त्यावर त्रिकोण 45 मीटर मागे ठेवा सांगतात पण मोटरवेवर ठेवूच नका म्हणतात, कारण ठेवायला जाणारा माणूसच मरतो.

रानजाई

सई, तुझं सगळं मान्य पण तुमच्याकडे कठडा आहे आणि त्याच्या पलीकडे जमीन आहे. इथे कुंभार्ली घाटात कठड्याच्या पलीकडे काय आहे? दरी! आम्ही चार मैत्रिणी कॅम्परने फिरतो, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. रात्री अकरा वाजता अनोळखी ठिकाणी गाडी बंद पडली तर चार बायकांनी रस्त्याकडेला उभं राहायचं? दारं लॉक, दिवे बंद, फोन चालू, आम्ही आतच बसणार. मला ट्रकपेक्षा माणसांची भीती जास्त वाटते, आणि ही भीती पुरुषांना समजावून सांगायचा आता कंटाळा आलाय.

कोणी बाईकवर येऊन तुमच्या गाडीतून ऑइल गळतंय असं सांगून थांबवायला बघतात, ते प्रकार विसरू नका.

डिझेलदादा

ताई, दिवे बंद करून बसू नका एवढं तरी ऐका. आतले दिवे हवं तर बंद करा पण बाहेरचे हॅझर्ड आणि पार्किंग चालूच पाहिजेत. अंधारात उभी असलेली मोठी गाडी मागच्या ट्रकवाल्याला जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि दिसली तरी ती उभी आहे की चालली आहे ते कळत नाही. मागून घुसण्याचे बरेच अपघात असलेच असतात. मागच्या बाजूला खालपासून वरपर्यंत रिफ्लेक्टर पट्टी मारून घ्या, ट्रकला असते तसली लाल. कॅम्परवाले पांढरी शुभ्र गाडी करून त्यावर डोंगर आणि कंपास रंगवतात, पट्टी मात्र नको, दिसायला वाईट दिसते म्हणे.

मिसळप्रेमी

आमच्या ओळखीच्या एकाच्या गाडीवर मागे 'नॉट ऑल हू वाँडर आर लॉस्ट' लिहिलंय. गाडी मात्र दर वेळी लॉस्टच असते :ड

बे_एरियातला_बंड्या

मला वाटतं दोघी बरोबर आहेत, बंद कुठे पडलो यावर सगळं आहे. इथे अमेरिकेत आरव्ही (मोटरहोमला इकडे हेच म्हणतात) भाड्याने घेऊन फिरणारी मराठी मंडळी खूप आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

इंटरस्टेटवर, म्हणजे बाजूने गाड्या सुसाट चाललेल्या असताना, सई म्हणते तेच. मूव्ह ओव्हरचे कायदे पन्नासही राज्यांत आहेत, म्हणजे कडेला पोलीस किंवा टो ट्रक उभा दिसला की शेजारची लेन सोडायची किंवा वेग कमी करायचा, पण कायद्यावर विसंबून आत टीव्ही बघत बसायचं नाही.

डेथ व्हॅलीच्या वाळवंटी नॅशनल पार्कात मात्र बरोब्बर उलटं. तिथे पार्कवालेच सांगतात की गाडी सोडून चालत जाऊ नका. उन्हाळ्यात पारा 49 डिग्रीच्या वर जाणं नेहमीचं, आणि फार तापलं की मेडिकल हेलिकॉप्टरसुद्धा उडू शकत नाही. मोबाइलला रेंज नाही. अशा ठिकाणी गाडी म्हणजे सावली, पाणी आणि लांबून दिसणारी खूण. तिथल्या चढांवर पाट्याच आहेत, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशा. आम्ही त्या चढावर एसी बंद करून वर हीटर फुल लावला होता, कारण हीटरचा रेडिएटर पण इंजिनची उष्णता काढून घेतो. सासूबाईंनी तेव्हापासून माझ्या डोक्याविषयी जे मत बनवलंय ते अजून बदललेलं नाही.

आणि एक. एएए या इथल्या वाहनचालक संघटनेची रस्त्यावरच्या मदतीची साधी मेंबरशिप आरव्हीला चालत नाही, वरच्या प्लॅनवर आरव्हीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. भाड्याच्या आरव्हीत कंपनीचा नंबर असतो, पण निघण्यापूर्वी त्यांना विचारा की टायर फुटला तर पैसे कोणाचे. बऱ्याचदा तुमचेच.

कायद्याचं_बोला

भारतातलं पण तसंच. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलं म्हणून निवांत राहू नका, अटी वाचा. वजनाची मर्यादा, गाडीचा प्रकार, किती किलोमीटरपर्यंत टो, हे सगळं बारीक अक्षरात असतं. आणि मुख्य म्हणजे आरसी बुकावर गाडी काय म्हणून नोंदली आहे? मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 असं वेगळं मानक आहे. प्रवासी गाडी घेऊन आतल्या सीटा उपटून पलंग ठोकला आणि आरटीओत नोंद केली नाही तर आग लागल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. धागाकर्त्याने केलं असेलच.

दुसरं, मदत करणाऱ्यांसाठी. अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती आता सोडा. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीत मोटर वाहन कायद्यात 134अ कलम आलं. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर 1033, बाकी कुठेही 112, ॲम्ब्युलन्सला 108. फोन करताना 'पोलादपूरच्या पुढे' एवढं पुरत नाही. कडेचा किलोमीटरचा दगड आणि कुठल्या दिशेची लेन ते सांगा.

घाटवाट

@कायद्याचं_बोला : हो, आरसीवर नोंद आहे, त्यासाठी झिजवलेल्या चपलांचा वेगळा धागा होईल.

@डिझेलदादा : पेडल जड झालं होतं खरंच! मला वाटलं पाऊस आहे म्हणून बूट सरकतोय. टोचनचं लिहा ना.

डिझेलदादा

टोचन. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर नाही आणि स्टिअरिंगला जोर नाही. त्यामुळे दोरी लावून घाट उतरायचा विचार करू नका. लोखंडी दांडा असेल तर निदान मागची गाडी पुढच्या गाडीत घुसत नाही. मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर लांब न्यायच्या आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडून घ्यायचा, नाहीतर गिअरबॉक्समध्ये नको तिथे फिरत राहतं आणि ऑइल हवं तिथे पोचत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक गिअरबॉक्स असा जाम झालाय, बेल्टच्या कामावरून खर्च गिअरबॉक्सवर गेला.

फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, मिळाला तर उत्तम, पण त्याला आधीच उंची सांगा. तुमची गाडी एसी-सोलरसकट 3 मीटरच्या आसपास धरली आणि खालचा ट्रक 1 मीटर, म्हणजे 4 मीटर झाले. गावातल्या वायरी आणि रेल्वेखालचे बोगदे आठवा. शिवाय कॅम्परला मागे लांब शेपूट असतं, रॅम्पवर चढवताना ते जमिनीला घासतं आणि सांडपाण्याचा पाइप तुटतो. मग ट्रकवाला, तुम्ही आणि वास!

मिसळप्रेमी

'मग ट्रकवाला, तुम्ही आणि वास' _/\_ हसून हसून पुरेवाट

खोलवर_श्वास

व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे त्यामुळे वासावरूनच लिहितो. आत बसायचं की नाही या चर्चेत गॅसचा मुद्दा कोणी काढला नाही.

गाडी धडकली किंवा जोरात आपटली असेल तर आत चहा टाकायचाच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साठतो, पलंगाखालच्या कप्प्यांत जाऊन बसतो. त्याचा डिटेक्टर म्हणूनच खाली, जमिनीच्या जवळ लावतात. फरशीला हवा जायची भोकं ठेवलेली असतात, थंडी वाजते म्हणून ती पायपुसण्याने बुजवू नका. गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद. वास आला तर दिवा लावायचा नाही, चालू असेल तर बंदही करायचा नाही, सगळे बाहेर.

कार्बन मोनॉक्साइडचं उलट, त्याला वासच नाही. गाडी बंद पडली, एसी हवा म्हणून कोणी खिडकीखाली जनरेटर लावतो, किंवा थंडीत शेगडी आत घेतो, आणि सगळे झोपतात. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं घाट लागला. एकाच वेळी सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं तर घाट नव्हे, तातडीने बाहेर पडा. अलार्म फार महाग नाही, घ्याच.

रानजाई

हे माहीत नव्हतं. अलार्म मागवते.

स्पितीवेडा

थंडीचं मी लिहितो. हिमाचलात काझाच्या बाजूला ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर खालून भरून नेलेलं साधं डिझेल रात्री घट्ट होतं, मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 पर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं, ते मिळालं तर बरं. ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात ते बघून तुम्ही करू नका, त्यांच्या वर पलंग आणि गादी नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे ओले लायनर गोठून चिकटतात, गिअर टाका आणि दगड लावा. पाण्याची टाकी आणि पाइप रिकामे करा नाहीतर सकाळी पंप फुटलेला.

आणि बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीवाल्यांनी डीईएफ कडे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाकडे, लक्ष द्या. युरियाचं ते द्रावण संपत आलं की डॅशबोर्ड आधी दिवा दाखवतो, मग किलोमीटर मोजायला लागतो, आणि बऱ्याच गाड्या संपल्यावर एकदा बंद केल्या की परत चालूच होत नाहीत. इंजिन ठणठणीत, डिझेल भरलेलं, आणि गाडी हट्ट करून बसलेली. एक बंद कॅन सोबत ठेवा. यात पाणी घालून काम भागवण्याचा सल्ला कोणी ढाब्यावर दिला तर नमस्कार करून पुढे जा.

निवांत_नाशिककर

म्हणजे हिमालयात रेंज नाही, डिझेल गोठलंय, पाणी गोठलंय, हँडब्रेक लावायचा नाही. आणि धागाकर्ते म्हणतात हॉटेलचा सल्ला नको.

बे_एरियातला_बंड्या

टायरचं राहिलं की. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभीच असते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर म्हातारं. टायरच्या बाजूला कोरलेल्या डॉट (DOT) अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा, 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढे गेलेल्या टायरवर मी घरच्यांना बसवत नाही.

चालत्या गाडीत पुढचा टायर फुटला तर हात स्टिअरिंगवर घट्ट, गाडी सरळ ठेवायची, ब्रेकला लगेच हात, म्हणजे पाय लावायचा नाही, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि वेग उतरल्यावर कडेला.

डिझेलदादा

+१. आणि टायर फुटतो तो बऱ्याचदा वजनाने. बॉडीवाला प्लायवूड, ग्रॅनाइटचा ओटा, दीडशे लिटरची टाकी, दोन बॅटऱ्या असं चढवत जातो आणि वजन कोणी बघतच नाही. हायवेवरच्या वजनकाट्यावर जा, सगळं सामान आणि माणसं भरून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवर किती ते कळतं. ते गाडीच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. टाकी मागे आणि एका बाजूला असेल तर ती बाजू नेहमी टायर खाणार.

जॅकसुद्धा भरलेल्या गाडीला झेपेल असा हवा, सोबत एक जाड फळी. पावसाळ्यात कोकणातल्या साइडपट्टीवर जॅक गाडी उचलत नाही, स्वतः जमिनीत जातो.

आणि काम झालं की चाकाखालचे दगड आणि खुणेला टाकलेल्या फांद्या उचलून बाजूला फेकायच्या. आपण निघून जातो आणि रात्री एखादा बाईकवाला त्या दगडावर जातो. यावर मी फार चिडतो.

कायद्याचं_बोला

दगडांबद्दल हजार वेळा +१.

सई_म्युनिक

एक विसरले. आग. कॅम्परची आतली बॉडी प्लाय, फोम आणि पडद्यांची असते, ती पेटली की आवरायला वेळ देत नाही. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळून भडकतं. आणि वरच्या पलंगावर झोपलेली मुलं कुठल्या खिडकीतून उतरणार हे आधी करून बघा. आम्ही मुलीकडून ती खिडकी उघडून घेतली तर कडी तिला जोर लावूनही सरकेना, मग तेल घातलं.

घाटवाट

हे आजच करून बघतो, आमची ती खिडकी मच्छरदाणीने पक्की केलेली आहे.

रानजाई, तुमच्या मुद्द्यावर विचार करतोय. आईचं वय 78, गुडघे गेलेले. तिला पावसात कठड्यापलीकडे नेणं शक्यच नव्हतं.

रानजाई

मी पण विचार करतेय. खोलवर_श्वास आणि दादा यांचं वाचून थोडी हलले आहे. आमचं असं ठरलंय : दिवसा किंवा वस्ती जवळ असेल तर सगळ्या खाली, रस्त्यापासून लांब. रात्री आडबाजूला आतच, पण हॅझर्ड चालू, त्रिकोण लावलेला, 112 ला आधीच कळवलेलं. आणि एक्सप्रेसवेवर भीती वाटली तरी बाहेर. तिथे चोरापेक्षा ट्रक लवकर येतो.

सई_म्युनिक

हे पटलं. आत राहायचंच असेल तर मागच्या पलंगावर कोणी नको. सगळे पुढच्या दिशेला तोंड असलेल्या सीटवर आणि पट्टे लावून. इंग्लंडमध्ये ज्यांना उतरता येत नाही त्यांना हेच सांगतात, पट्टा लावून ठेवा आणि लगेच 999 ला फोन करा.

डिझेलदादा

आणि त्यातही थांबायची जागा. वळणावर थांबलात तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे, तुमच्या गाडीपासून 50 मीटर मोजत बसू नका. टायर गेलेला असेल तर रिमवर थोडं फरफटत नेऊन सपाट जागी या, रिम गेली तर गेली. बेल्ट गेल्यावरसुद्धा शंभर-दोनशे मीटर सरळ सपाट रस्ता असेल आणि पुढे मोकळी जागा दिसत असेल तर पहिल्या गिअरमध्ये सरका. उतार असेल तर नाही.

स्पितीवेडा

दादा, स्पेअर बेल्ट कुठला घ्यायचा? दुकानात एकाच गाडीचे तीन प्रकार दाखवतात.

डिझेलदादा

जुन्या बेल्टावर नंबर छापलेला असतो, पुसला जायच्या आधी फोटो काढून ठेवा. तोच घ्या, एसी असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचा वेगळा असतो. आणि विकत घेतला की एकदा घराच्या अंगणात स्वतः बसवून बघा. बरेच बेल्ट टेन्शनर सैल केल्याशिवाय चढत नाहीत आणि त्याला लागणारा पाना तुमच्या पेटीत नसतो. काढलेला जुना चांगला असेल तर तोच स्पेअर म्हणून सीटखाली, नवा गाडीवर.